उशीर होऊ नये म्हणून: नववी-दहावीच्या मुलामुलींना काय सांगावं आणि कुठे पाठवावं

तालुक्याच्या गावात विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे: गेल्या वर्षी दहावीतली एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलीच नाही. नंतर कळलं की तिला दिवस गेले होते आणि घरच्यांनी तिचं लग्न उरकून टाकलं. तेव्हापासून वर्गात या विषयावर बोलायचं मनात आहे. पण किती बोलावं, मराठीत भरवशाचं काय आहे, पालक भांडायला आले तर काय सांगावं, आणि उद्या एखादी मुलगी माझ्यापाशीच येऊन रडली तर तिला कुठे पाठवू?

बाई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण माझ्या मते बाकी सगळ्याचं उत्तर त्यातच आहे. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. आधी उपजिल्हा रुग्णालयात होते, आता स्वतःचा दवाखाना आहे. माझ्याकडे येणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना काहीच माहीत नसतं असा समज आहे, तो खरा नाही. मोबाइलमुळे अर्धंमुर्धं सगळं कानावर आलेलं असतं. त्या अडकतात त्या उशिरामुळे. पाळी चुकली तरी महिनाभर लक्षात येत नाही, कारण या वयात पाळी तशीही मागेपुढे होते. मळमळलं तर ‘पित्त झालं’ म्हणून गोळी दिली जाते. मग भीती, मग मैत्रिणीचा सल्ला, मग पपई, गरम पदार्थ, मेडिकलमधून आणलेल्या कसल्यातरी गोळ्या. आईला संशय येतो तेव्हा पाचवा महिना उजाडलेला असतो. तोवर सोपे मार्ग एकेक करून बंद झालेले असतात. म्हणून मुलांना शिकवायची पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक उपायाला मुदत आहे आणि ती टळायच्या आत मोठ्या माणसाला सांगायचं. आकृत्या आणि व्याख्या नंतर.

या मुदती तुम्हाला पाठ हव्यात. असुरक्षित संबंध आला, किंवा मुलीवर जबरदस्ती झाली, तर पहिले ७२ तास सर्वांत मोलाचे. लेव्होनॉरजेस्ट्रेल ही तातडीची गर्भनिरोधक गोळी या काळात घ्यायची असते. मेडिकलमध्ये ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते आणि सरकारी पुरवठ्यातली आशाताईंकडेही असते. ७२ तास ही बाहेरची हद्द आहे, सवलत नव्हे. पहिल्या दिवशी घेतलेली गोळी तिसऱ्या दिवशी घेतलेल्या गोळीपेक्षा जास्त कामाची. ती बीज बाहेर पडणं लांबवते. गर्भ राहिला असेल तर त्याला काही करत नाही, म्हणजे ही गर्भपाताची गोळी नाही. हा गोंधळ मी शिकल्यासवरल्या घरांतही बघते. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. पुढची पाळी मागेपुढे होऊ शकते. मुलगी क्षयरोगाची रिफाम्पिसिन घेत असेल किंवा तिला फिट्सची काही ठरावीक औषधं चालू असतील तर गोळीचा परिणाम कमी होतो. आपल्याकडे क्षयाचे रुग्ण कमी नाहीत, म्हणून हे मुद्दाम विचारायचं. आणि ती गोळी मागच्या संबंधापुरती असते, पुढच्या वेळेसाठी नाही. पाच दिवसांपर्यंत तांबी बसवणं हाही तातडीचा उपाय आहे आणि गोळीपेक्षा तो खात्रीचा आहे. पण किशोरवयीन मुलीच्या बाबतीत तो सुचवणारा डॉक्टर विरळा.

दुसरी मुदत पाळी चुकल्याची. लघवीची तपासणी पट्टी पाळी चुकल्याच्या दिवसापासून बऱ्यापैकी भरवशाची असते. ज्या मुलीची पाळी मुळातच अनियमित आहे तिने संबंधानंतर तीन आठवड्यांनी करावी. सकाळची पहिली लघवी घ्यायची. एकच रेघ आली (म्हणजे गर्भ नाही असं दिसलं) आणि तरी पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा. आरोग्य खात्याचा ‘निश्चय’ किट आशाताईंकडे असतो. गावातल्या मुलीला आशाताईंकडे जायचा संकोच वाटतो, कारण त्या शेजारच्या, नाहीतर नात्यातल्याच असतात. हे वास्तव आहे. अशा वेळी मेडिकलची पट्टी बरी.

तिसरी मुदत गर्भपाताची. इथे एक हिशोब मुलींना आणि आयांना ठाऊकच नसतो. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, संबंध आला त्या दिवसापासून नव्हे. मुलगी ‘दीड महिना झाला’ म्हणते तेव्हा आमच्या हिशोबाने दोन महिने झालेले असतात. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत होतो, तोही मान्यताप्राप्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली. १९७१ चा गर्भपात कायदा २०२१ मध्ये बदलला. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांदरम्यान दोन डॉक्टरांचं लागतं आणि ही सवलत काही ठरावीक गटांना आहे. अठरा वर्षांखालची मुलगी त्यात येते. २४ च्या पुढे वैद्यकीय मंडळ, आणि बऱ्याचदा उच्च न्यायालय. अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. कायद्यातला ‘पालक’ म्हणजे आई-वडीलच असं नाही. ती मुलगी ज्या प्रौढ व्यक्तीच्या सांभाळात आहे ती व्यक्ती. आजीकडे वाढणाऱ्या मुलीची आजी सही करू शकते. आई-बाप ऊसतोडीला गेले म्हणून दोन महिने वाट बघत बसायची गरज नाही, आणि लोक नेमकं तेच करतात.

मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या परस्पर आणून घेऊ नयेत, हे मी कडक शब्दांत सांगते. कितवा आठवडा आहे, गर्भ पिशवीतच आहे की नळीत, हे सोनोग्राफीशिवाय कळत नाही. नळीत गर्भ असेल तर गोळ्या घेऊनही तो तिथेच राहतो. नळी फुटली तर मुलगी काही तासांत हातची जाते. पाळी चुकलेल्या मुलीच्या पोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. गोळ्या घेतल्यावर तासाला दोन पॅड भिजत असतील किंवा थंडी वाजून ताप असेल तरीही तसंच थेट रुग्णालयात. ‘काय घेतलंस’ म्हणून रागवायला नंतर भरपूर वेळ असतो.

आता कायदा, कारण तो तुमच्याही अंगावर आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून बालकांना संरक्षण देणाऱ्या कायद्याप्रमाणे, अठरा वर्षांखालच्या मुलामुलीच्या संमतीला अर्थ नाही. वर्गातल्याच मुलाबरोबरचं प्रेमप्रकरण असलं तरी कायद्याच्या लेखी तो गुन्हाच. कलम १९ नुसार असा प्रकार कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. डॉक्टर असो वा शिक्षक. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. सद्हेतूने कळवणाऱ्याला संरक्षणही आहे. लग्न झालेली मुलगी असेल तरी सुटका नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये अठराखालच्या पत्नीशी संबंध हाही बलात्कारच ठरवला.

खरं सांगायचं तर याच बंधनाला घाबरून मुली येत नाहीत आणि काही डॉक्टर दारातूनच परत पाठवतात. तुमच्या दहावीतल्या मुलीचं ‘लग्न उरकलं’ त्यामागेही पोलीस आणि बदनामी यांची भीती असणारच. या पेचावर सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात वाट काढली आहे. अल्पवयीन मुलगी आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख द्यायची गरज नाही. निकाल येऊन काही वर्षं झाली, तरी तो माहीत नसलेले डॉक्टर भेटतात. तुम्ही मुलीबरोबर गेलात तर हे नम्रपणे पण ठाम सांगा. आणखी एक: गर्भपातासाठी आधी एफआयआर हवा असं कायद्यात कुठेही नाही. पोक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार तातडीचे उपचार देताना कुठलीही कागदपत्रं मागता येत नाहीत, आणि वयात आलेल्या मुलीशी गर्भधारणेची शक्यता व तातडीच्या गोळ्यांबद्दल बोलणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

म्हणून मुलीशी बोलताना सुरुवातीलाच सांगून टाका: ‘तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण काही गोष्टी कायद्याने मला कळवाव्या लागतात, आणि कळवण्याआधी मी तुला सांगेन, तुझ्याबरोबर राहीन.’ ‘कुणालाही सांगणार नाही, शपथ’ असं वचन देऊ नका. ते मोडावं लागलं की त्या मुलीचा सगळ्याच मोठ्या माणसांवरचा विश्वास उडतो.

वर्गात काय शिकवायचं, याकडे येते. तुमच्या हातात आधीच एक हत्यार आहे. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’ या धड्यात मानवी प्रजनन, ऋतुचक्र, लैंगिक संबंधातून पसरणारे रोग आणि कुटुंब नियोजन आहे. बहुतेक शाळांत हा धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडला जातो, किंवा मुलांना बाहेर काढून मुलींना घाईने उरकला जातो. तो नीट, वेळ देऊन शिकवा. तक्रार आलीच तर पाठ्यपुस्तक पुढे करता येतं. पण पुस्तक शरीराची रचना सांगून थांबतं. त्याला तुम्ही तीन-चार गोष्टी जोडायच्या.

पहिली, पाळीचा हिशोब आणि ‘सुरक्षित दिवसां’चं मिथक. बीज साधारण पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी बाहेर पडतं. म्हणजे पुढची पाळी कधी येणार हे आधी माहीत हवं, आणि पंधराव्या वर्षी ते कुणालाच माहीत नसतं. बीज एक दिवसच टिकतं, पण शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात. या दोन्ही गोष्टी फळ्यावर मांडल्या की ‘अमुक दिवस धोका नाही’ हे गणित किशोरवयात चालत नाही, हे मुलं स्वतःच बोलून दाखवतात. पहिल्या वेळी गर्भ राहत नाही, नंतर धुतलं की चालतं, मुलाने आधी बाजूला झालं की झालं, हे सगळे समज एकदम मोडतात. पहिली पाळी यायच्या आधीही बीज बाहेर पडू शकतं. हे मी आयांना सांगते तेव्हा त्या दचकतात.

दुसरी, गर्भनिरोधकांची खरी माहिती. नववी-दहावीला प्रत्येक साधनाचं प्रात्यक्षिक करा असं मी म्हणत नाही, पण नावं, काम आणि मर्यादा कळल्या पाहिजेत. निरोध हे एकच साधन आहे जे गर्भधारणा आणि लैंगिक आजार दोन्ही अडवतं. सरकारी रुग्णालयात ते फुकट मिळतं. नेहमीच्या, चुकतमाकत केलेल्या वापरात वर्षभरात शंभरातल्या सुमारे तेरा जोडप्यांत गर्भ राहतो. अगदी बरोबर वापर केला तर सुमारे दोघांत. फरक पडतो तो तारीख न बघणं, पाकीट दातांनी फाडणं, खिशातल्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवणं, खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावणं (तेलाने रबर विरतं) आणि ‘जास्त सुरक्षित’ म्हणून एकावर एक दोन चढवणं यांनी. रोजच्या गोळ्या म्हणजे माला-एन, २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. पाळी सुरू झालेल्या मुलीला वैद्यकीयदृष्ट्या त्या चालतात आणि त्यांनी पुढे मूल होत नाही हा समज निराधार आहे. फक्त रोज आठवणीने घ्याव्या लागतात. तीन महिन्यांचं ‘अंतरा’ इंजेक्शन सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून आहे. ते विसरण्याची भीती नसलेलं साधन आहे, पण अठराखालच्या मुलीला देताना हाडांचा विचार डॉक्टर करतात. आठवड्याच्या ‘छाया’ गोळीचं मूळ लखनौच्या प्रयोगशाळेत आहे. एवढं पुरे. कुठलं साधन कुणाला, हा डॉक्टरांच्या खोलीतला विषय.

तिसरी गोष्ट ‘नाही’ म्हणण्याची आणि ऐकण्याची. ती मुलींना शिकवतात, मुलांना शिकवत नाहीत. फोटो मागणं, फोटो पुढे पाठवायची धमकी देणं, ‘प्रेम असेल तर सिद्ध कर’ हे सगळं मुलांसमोर नावानिशी बोलायला हवं. सतरा वर्षांच्या मुलावरही पोक्सो लागतो, मग बाल न्याय मंडळ, आणि बारावीचं वर्ष गेलं. हे धमकी म्हणून सांगायचं नाही, माहिती म्हणून सांगायचं. मुलांच्या स्वतःच्या भीतीही मोठ्या असतात. स्वप्नदोष हा दोष नाही, हस्तमैथुनाने कमजोरी येत नाही. ही दोन वाक्यं एखाद्या विश्वासातल्या मास्तरांनी सांगितली तर एसटी स्टँडच्या भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’वाल्या जाहिरातींचं निम्मं गिऱ्हाईक कमी होईल.

पद्धत म्हणाल तर चिठ्ठ्यांची पेटी. नाव न लिहिता प्रश्न टाकायचे. सगळ्यांनी कोरी का होईना पण चिठ्ठी टाकायचीच, म्हणजे कोण लिहितंय ते कळत नाही. तुम्ही घरी वाचा, उत्तरं तयार करा, अडलं तर डॉक्टरांना विचारा, आणि पुढच्या तासाला सांगा. मुलामुलींना काही तास वेगळे, काही एकत्र. पूर्ण वेगळं ठेवलं तर मुलांना पाळी म्हणजे टिंगलीचा विषयच राहतो. चिठ्ठीत कुणा मोठ्याने अंगाला हात लावल्याचं आलं, तर ते वर्गात न वाचता त्याच दिवशी १०९८ ला फोन करायचा. मतिमंद किंवा ऐकू न येणाऱ्या मुलांना हे शिक्षण सर्वांत जास्त लागतं आणि सर्वांत कमी मिळतं. तुमच्या शाळेत अशी मुलं असतील तर त्यांच्या पालकांना वेगळं बोलवा.

पालकांबद्दल. ‘माहिती दिली की मुलं बिघडतात’ हा आक्षेप नवा नाही. २००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी किशोर शिक्षणाचा कार्यक्रम याच कारणाने थांबवला होता. त्याच्याही कितीतरी आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा लोक याहून वाईट बोलत होते. गणिताचा प्राध्यापक माणूस, आयुष्यभर खटले आणि टीका सोसत राहिला. युनेस्कोने २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं करताना जगभरातले अभ्यास तपासले. अशा शिक्षणाने मुलांचे लैंगिक संबंध वाढत नाहीत, उलट काही ठिकाणी ते पुढे ढकलले जातात आणि साधनांचा वापर वाढतो, असं त्यात दिसलं. पण पालकसभेत युनेस्को काढू नका, कुणी ऐकत नाही. पाळी, रक्ताची कमतरता आणि मोबाइलवरची फसवणूक यांपासून सुरुवात करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. सोमवारची निळी लोहाची गोळी का घ्यायची, हा प्रश्न कुणालाही आक्षेपार्ह वाटत नाही. तिथून गाडी आपोआप पुढे जाते. शासकीय पाठबळही आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक ‘आरोग्यदूत’ नेमायचे आहेत आणि त्यातल्या अकरा विषयांत प्रजनन आरोग्य व एचआयव्ही प्रतिबंध आहेत. तुमच्या शाळेने दोन नावं पाठवली आहेत का, ते मुख्याध्यापकांना विचारा. बऱ्याचदा ती नावं कागदावर असतात आणि त्या शिक्षकांनाच ठाऊक नसतं. मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समितीही २०२२ पासून शाळेत असायला हवी. ती जिवंत असेल तर तुम्ही एकट्या पडणार नाही.

साहित्याबद्दल माझी पसंती सांगते. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेत डॉ. राणी बंग यांनी उभा केलेला ‘तारुण्यभान’ हा मराठीतला सर्वांत सकस उपक्रम आहे. भाषा आपली, उदाहरणं आपल्या गावातली, संकोच नाही आणि चावटपणाही नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाचा ‘साथिया’ संच २०१७ मध्ये आला. त्यात प्रश्नोत्तरांची पुस्तिका आणि गैरसमज मोडणारा ‘भ्रांती-क्रांती’ हा खेळ आहे. खेळ वर्गात छान चालतो. फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया ही १९४९ पासूनची संस्था, मुख्यालय मुंबईत. तिच्या शाखांकडून वक्ते मिळतात. यूट्यूबवर मात्र नुसतं सोडून देऊ नका. तिथे पहिल्या पाचांत एक डॉक्टर असतो आणि चार औषधविक्रेते.

आणि मैत्री क्लिनिक. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयोगटासाठी जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत स्वतंत्र सल्ला केंद्रं आहेत. महाराष्ट्रात त्यांना ‘मैत्री’ म्हणतात. समुपदेशक असतात, तपासणी फुकट असते, आणि मुरूम, पाळीत पोट दुखणं, अंगावरून पांढरं जाणं इथपासून गर्भनिरोधकांपर्यंत बोलता येतं. कल्पना उत्तम. प्रत्यक्षात काही ठिकाणी फलक आहे आणि खोलीला कुलूप, काही ठिकाणी समुपदेशक आठवड्यातून दोनच दिवस, आणि काही ठिकाणी अशी समुपदेशक की मुली मैत्रिणींना हाताला धरून घेऊन येतात. तुमच्या तालुक्यातलं कसं आहे, ते स्वतः पाहूनच कळेल. फोनवर बोलायचं असेल तर मुलांसाठी १०९८, एचआयव्ही आणि लैंगिक आजारांसाठी १०९७, आणि मन फार खचलं असेल, जीव द्यावासा वाटत असेल तर टेली मानसचा १४४१६. हा शेवटचा नंबर विसरू नका. नको असलेल्या गर्भधारणेत मुलीच्या जिवाला धोका प्रसूतीइतकाच विहिरीचाही असतो.

खूपच उशीर झाला, चोवीस आठवडे उलटून गेले आणि बाळंतपण अटळ असेल तर? तेव्हाही वाट असते. बाल कल्याण समितीसमोर बाळ कायदेशीररीत्या सोपवता येतं, २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार, आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. ओळख गुप्त राहते. अत्याचार झाला असेल तर मनोधैर्य योजनेतून मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील फुकट देतं, जिल्ह्याच्या ठिकाणी अत्याचारग्रस्त बायका-मुलींना मदत करणारं सखी केंद्र आहे. उकिरड्यावर सापडलेल्या बाळांच्या बातम्या येतात, तेव्हा मला वाटतं की यातलं एक वाक्यही त्या मुलीच्या कानावर पडलं नसेल.

एक गोष्ट मात्र वर्गातल्या तासाने सुटणार नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. देशाची सरासरी ६.८. या मुली बहुतेक करून लग्न झालेल्या. राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे आपल्याकडे किशोरवयीन गर्भधारणेचं सर्वांत मोठं कारण ‘प्रेमप्रकरण’ नसून मांडव आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल, म्हणजे आगाऊ मिळणारी रक्कम, त्या हिशोबाने. मागे एकटी राहिलेली वयात आलेली मुलगी ही जबाबदारी, आणि तिचं लग्न लावलं तर आणखी एक कोयता. बीडकडच्या आया हे मला लपवून नाही, हिशोब म्हणून सांगतात. अशा मुलीला निरोधची माहिती असून काय उपयोग? तिला नवऱ्याला सांगायची ताकद नाही आणि सासूला पहिल्याच वर्षी नातू हवा. सोळाव्या वर्षी कटिबंध पूर्ण वाढलेला नसतो, रक्त आठ-नऊ, रक्तदाब वाढतो, बाळ कमी वजनाचं. तिथे गर्भधारणा टाळण्याचं साधन म्हणजे वसतिगृह आणि दहावीनंतरचं कॉलेज. लग्न ठरल्याची कुणकुण लागली तर १०९८ ला फोन करता येतो. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. हळद लागायच्या आदल्या रात्री कळवण्यापेक्षा सुपारी फुटायच्या आधी कळवलेलं बरं, कारण पत्रिका वाटून झाल्यावर बाप इरेला पेटतो.

आता तुम्ही करायचं काम. शाळा सुरू व्हायच्या आधी एक दिवस ग्रामीण रुग्णालयात जा. मैत्री क्लिनिकच्या बाईंना भेटा, वार आणि वेळ विचारा, खोलीला पडदा आहे का आणि दार लागतं का ते बघा, केसपेपर काढताना खिडकीवर कारण मोठ्याने विचारतात का ते ऐका. विचारत असतील तर वैद्यकीय अधीक्षकांना भेटून ‘पोटदुखी’ एवढ्यावर केसपेपर मिळेल असं ठरवून घ्या. तालुक्यात एखादी स्त्रीरोगतज्ज्ञ असेल तर तिच्याशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे वेळ आली की ओळखीत दोन दिवस जाणार नाहीत. मग तो वार, ती वेळ, १०९८ आणि १४४१६ असं मोठ्या अक्षरांत लिहून मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतल्या बाजूने लावा, मुलांच्याही. व्हरांड्यातल्या सूचनाफलकावर लावलेलं कुणी थांबून वाचत नाही.